क्षयजन्य परिफुप्फुस द्रवसंचय

क्षयजन्य परिफुप्फुस द्रवसंचय म्हणजे क्षयरोगाच्या जंतुसंसर्गामुळे फुप्फुसाभोवतीच्या आवरणांमध्ये द्रव साठणे होय. बोलीभाषेत या विकाराला ‘छातीत पाणी होणे’ किंवा ‘फुप्फुसात पाणी होणे’ असे म्हणतात. यांपैकी दुसरा शब्दप्रयोग शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही, कारण हे पाणी फुप्फुसाच्या आत नसून त्याच्या बाहेर, आवरणांच्या दोन थरांमध्ये असते. भारतात क्षयाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश रुग्णांना फुप्फुसाबाहेरील अवयवांचा क्षय असतो. त्यांत लसिका ग्रंथींच्या क्षयाबरोबरच परिफुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण मोठे आहे.

या रोगाचा उपचार प्रभावी व सुलभ असला, तरी निदान अवघड आहे. साठलेल्या द्रवात क्षयजंतू अत्यल्प असतात. त्यामुळे ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल आला, तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, छातीत पाणी झालेला प्रत्येक रुग्ण क्षयाचाच समजला, तर कर्करोग किंवा हृदयविकाराचे निदान लांबते. म्हणूनच या रोगाचे निदान सहसा एकाच चाचणीवर न करता अनेक पुराव्यांची सांगड घालून केले जाते.

रचना व कार्य

प्रत्येक फुप्फुसावर परिफुप्फुस नावाचे पातळ दुपदरी आवरण असते. आतील पदर फुप्फुसाला, तर बाहेरील पदर छातीच्या भिंतीला चिकटलेला असतो. निरोगी अवस्थेत या दोन पदरांमध्ये केवळ काही मिलिलिटर द्रव असतो. तो वंगणाचे काम करतो आणि त्यामुळे श्वास घेताना व सोडताना पदर एकमेकांवरून सहज सरकतात. हा द्रव सतत पाझरत असतो आणि लसिकावाहिन्यांद्वारे शोषलाही जात असतो. पाझरणे वाढले किंवा शोषण कमी झाले की द्रव साठू लागतो.

रोगोद्भव

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. फुप्फुसाच्या पृष्ठभागालगत क्षयाचे एखादे लहान केंद्र असल्यास ते फुटून त्यातील जंतू व त्यांची प्रथिने परिफुप्फुसाच्या पोकळीत येतात. पूर्वीच्या संसर्गामुळे लसिकापेशी या प्रथिनांना ‘ओळखत’ असतात. त्यामुळे त्या मोठ्या संख्येने तेथे जमतात व तीव्र प्रतिक्रिया देतात. या दाहामुळे केशवाहिन्यांतून प्रथिनयुक्त द्रव झिरपतो आणि लसिकावाहिन्यांकडून होणारे शोषणही मंदावते.

म्हणजेच येथे द्रव साठण्याचे मुख्य कारण जंतूंची संख्या नसून जंतूंविरुद्धची शरीराची प्रतिक्रिया हे असते. लिटरभर पाणी काढूनही त्यात जंतू का सापडत नाहीत, याचे उत्तर यात आहे. मात्र या अवस्थेला निव्वळ अतिसंवेदनशीलता म्हणणेही पुरेसे नाही. परिफुप्फुसाच्या तुकड्यांची संवर्धन चाचणी केल्यास पुष्कळ रुग्णांत जिवंत जंतू आढळतात.

लक्षणे

रोगाची सुरुवात बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत होते. कोरडा खोकला, सायंकाळी वाढणारा ताप, रात्री घाम येणे, भूक मंदावणे व वजन घटणे ही लक्षणे आढळतात. प्रारंभी दीर्घ श्वास घेताना छातीच्या एका बाजूस सुईने टोचल्यासारखी वेदना होते. पुढे द्रव वाढून दोन्ही पदर दूर झाले की ही वेदना कमी होते आणि धाप लागू लागते. वेदना थांबल्याने आजार बरा झाला असा रुग्णाचा समज होतो व तो दवाखान्यात जाणे लांबवतो. प्रत्यक्षात रोग पुढे सरकलेला असतो.

शारीरिक तपासणीत आजारी बाजूची छाती श्वासाबरोबर कमी हलते. बोटाने ठोकल्यास दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज येतो व स्टेथोस्कोपने श्वासध्वनी क्षीण ऐकू येतो. द्रव पुष्कळ असल्यास श्वासनलिका विरुद्ध बाजूस सरकते. क्षयात द्रव बहुधा एकाच बाजूस साठतो.

निदान

छायाचित्रण

छातीच्या सरळ क्ष-किरण चित्रात द्रव दिसण्यासाठी तो साधारण २०० मिलिलिटर असावा लागतो. बरगड्या व श्वासपटल यांमधला टोकदार कोन बोथट होणे ही पहिली खूण आहे. द्रव वाढल्यावर त्याची वरची कड काखेकडे चढत गेलेल्या वक्ररेषेसारखी दिसते. काही रुग्णांत फुप्फुसातील क्षयाचे डागही दिसतात. तसे असल्यास निदानास बळकटी येते आणि थुंकीच्या तपासणीचे महत्त्व वाढते.

सोनोग्राफीत याहून कितीतरी कमी द्रव दिसतो. तिचे आणखी दोन उपयोग आहेत. द्रवात पडदे तयार होऊन कप्पे पडले आहेत का, हे तिच्यामुळे कळते. सुई नेमकी कोठे टोचावी, हेही ठरवता येते. सी.टी. स्कॅन प्रत्येक रुग्णास आवश्यक नसते. गाठ, फुप्फुसाचा कर्करोग किंवा गुंतागुंतीचे कप्पे यांची शंका असल्यास ते उपयोगी पडते.

द्रव काढणे

निदानाची खरी सुरुवात द्रवाचा नमुना काढण्यापासून होते. रुग्णाला बसवून किंचित पुढे झुकवतात, पाठीवरील जागा बधिर करतात व दोन बरगड्यांच्या मधून सुई घालतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या व चेता जातात, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घातली जाते. तपासणीसाठी साधारण ५० मिलिलिटर द्रव पुरतो. धाप कमी करण्यासाठी अधिक द्रव काढावयाचा असल्यास एका वेळी साधारणपणे एक ते दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत. दबलेले फुप्फुस एकाएकी फुलल्यास त्यातच पाणी भरण्याचा धोका असतो.

‘छातीतले पाणी एकदा काढले की पुन्हा पुन्हा काढावे लागते’ अशी समजूत ग्रामीण भागात आढळते व तिच्यापायी पुष्कळ जण तपासणीस नकार देतात. पाणी पुन्हा साठते ते मूळ रोगामुळे, सुईमुळे नव्हे. रोगावर उपचार सुरू झाल्यावर ते साठणे थांबते.

क्षयजन्य द्रव बहुधा गवती पिवळ्या रंगाचा असतो, क्वचित रक्तमिश्रितही असतो. दाट पू आढळल्यास पूयसंचयाचा, दुधासारखा द्रव आढळल्यास लसिकावाहिनीच्या इजेचा विचार करावा लागतो.

पारस्राव की निःस्राव

द्रवाची पहिली वर्गवारी पारस्राव व निःस्राव अशी केली जाते. वैद्यकीय व्यवहारात त्यांना अनुक्रमे ट्रान्सुडेट व एक्झुडेट म्हणतात. हृदयाची दुर्बलता, यकृताचा सिरॉसिस किंवा मूत्रपिंडाचे विकार यांत आवरण निरोगी असते. केवळ दाबातील बदलामुळे किंवा रक्तातील प्रथिने घटल्यामुळे पाणी झिरपते. हा पारस्राव होय. आवरणालाच दाह किंवा रोग झाल्यास प्रथिनयुक्त निःस्राव तयार होतो. क्षयजन्य द्रव हा निःस्राव असतो.

हा भेद करण्यासाठी अमेरिकन वैद्य रिचर्ड लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेले निकष जगभर वापरले जातात. पुढीलपैकी एक जरी निकष लागू झाला तरी द्रव निःस्राव मानतात :

१. द्रवातील प्रथिने व रक्तद्रवातील प्रथिने यांचे गुणोत्तर ०.५ पेक्षा अधिक असणे.
२. द्रवातील व रक्तद्रवातील एल.डी.एच. या वितंचकाचे गुणोत्तर ०.६ पेक्षा अधिक असणे.
३. द्रवातील एल.डी.एच. हे रक्तद्रवातील सामान्य कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशांहून अधिक असणे.

हे निकष लावण्यासाठी द्रवाबरोबर रक्ताचा नमुनाही घ्यावा लागतो. हृदयविकाराच्या ज्या रुग्णांना लघवी वाढवणारी औषधे चालू असतात, त्यांचा पारस्राव या निकषांवर चुकून निःस्राव ठरू शकतो. म्हणून अहवाल वाचताना रुग्णाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

पेशी व शर्करा

क्षयजन्य द्रवातील पांढऱ्या पेशींत लसिकापेशींचे, म्हणजे लिम्फोसाइटांचे, प्राबल्य असते. मात्र पहिल्या काही दिवसांत न्यूट्रोफिल पेशी अधिक असू शकतात. अशा वेळी थोड्या दिवसांनी पुन्हा नमुना घेतल्यास चित्र पालटलेले दिसते. आवरणाच्या मध्यस्तर पेशी या द्रवात सहसा फार थोड्या असतात. इओसिनोफिल पेशी १० टक्क्यांहून अधिक असल्यास क्षयाची शक्यता कमी होते. शर्करा सामान्य किंवा किंचित कमी असते. ती फारच कमी असल्यास पूयसंचय किंवा संधिवाताशी संबंधित विकार यांचाही विचार करतात. लसिकापेशींचे प्राबल्य कर्करोगातही आढळते, म्हणून कर्कपेशींसाठीची तपासणी सोबत केली जाते.

ॲडेनोसीन डिअमिनेज चाचणी

ॲडेनोसीन डिअमिनेज हे मुख्यतः लसिकापेशी व एककेंद्रक भक्षिपेशी यांतील वितंचक आहे. ‘एडीए’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. क्षयजन्य द्रवात या पेशी उत्तेजित झालेल्या असल्याने त्याचे प्रमाण वाढते. परिफुप्फुस द्रवाच्या निदानात त्याचा उपयोग होतो, हे इटलीतील संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले. चाचणी स्वस्त असून साध्या उपकरणांवर करता येते, म्हणून भारतात ती सर्वत्र प्रचलित आहे. साधारणपणे ४० युनिट प्रति लिटर ही मर्यादा मानतात. लसिकापेशींचे प्राबल्य व ४० हून अधिक एडीए हे दोन्ही एकत्र आढळल्यास क्षयाची शक्यता पुष्कळ वाढते.

तथापि हे वितंचक जंतूचे नव्हे, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचे असते. त्यामुळे पूयसंचय, संधिवाताभ संधिशोथ, लिम्फोमा अशा विकारांतही ते वाढते. तसेच या चाचणीवरून जंतू कोणत्या औषधास दाद देणार नाही, हे कळत नाही.

एकाच अहवालाचा अर्थ परिस्थितीनुसार कसा बदलतो, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. ही चाचणी क्षय असलेल्या १०० पैकी ९२ जणांत होकारार्थी व क्षय नसलेल्या १०० पैकी ९० जणांत नकारार्थी येते असे धरू. निःस्राव असलेल्या १०० रुग्णांपैकी ८० जणांना क्षय असेल, तर सुमारे ७४ खरे व केवळ २ खोटे होकार मिळतील. म्हणजे होकार जवळजवळ निर्णायक ठरेल. परंतु नकार आलेल्या सुमारे २४ जणांपैकी ६ जणांना क्षय असेलच. याउलट १०० पैकी १० जणांनाच क्षय असेल, तर ९ खरे व ९ खोटे होकार येतील. म्हणजे निम्मे होकार फसवे ठरतील, पण नकार आलेल्या ८२ जणांपैकी एखाद्यालाच क्षय असेल. म्हणून क्षय मुबलक असलेल्या प्रदेशात तरुण रुग्णाचा होकारार्थी अहवाल विश्वासार्ह ठरतो. धूम्रपान करणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत मात्र त्याच आकड्यावर विसंबून कर्करोगाचा शोध थांबवता येत नाही.

जंतूंचा शोध

द्रवाच्या काचपट्टीवरील सूक्ष्मदर्शक तपासणीत १० टक्क्यांहूनही कमी रुग्णांत जंतू दिसतात. संवर्धन चाचणीत यश अधिक मिळते आणि द्रव माध्यमात घन माध्यमापेक्षा लवकर मिळते. तरीही जंतू मंदगतीने वाढत असल्यामुळे निकालास काही आठवडे लागतात. एच.आय.व्ही. बाधितांत प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने द्रवात जंतू सापडण्याचे प्रमाण तुलनेने जास्त असते. प्रत्येक क्षयरुग्णाची एच.आय.व्ही. चाचणी करण्याचे हे एक कारण आहे.

सीबीनॅट व ट्रूनॅट या चाचण्या जंतूंच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेतात व काही तासांत निकाल देतात. रिफाम्पिसिन या औषधास जंतू दाद देतो की नाही, हेही त्यांवरून कळते. ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातील मोलबायो कंपनीची असून तिचे यंत्र बॅटरीवर चालत असल्यामुळे लहान केंद्रांतही वापरता येते. परिफुप्फुस द्रवात या चाचण्यांचा होकार अतिशय विश्वासार्ह असतो, पण पुष्कळ रुग्णांना रोग असूनही नकार येतो. म्हणून केवळ त्यांच्या नकारावरून क्षय नाकारू नये.

थुंकीची तपासणी या रुग्णांत अनेकदा राहून जाते. क्ष-किरण चित्रात फुप्फुस निर्दोष दिसत असूनही काहींच्या थुंकीत जंतू आढळतात. खोकल्यातून थुंकी पडत नसल्यास क्षारयुक्त वाफारा देऊन ती मिळवता येते. जंतू सापडल्यास निदान पक्के होते, औषधप्रतिकार तपासता येतो आणि रुग्णापासून घरातील इतरांना किती धोका आहे, हेही समजते.

मांटू या त्वचाचाचणीचा उपयोग मर्यादित आहे. होकार हा केवळ पूर्वसंसर्ग दर्शवतो आणि असा संसर्ग भारतात सर्वत्र आहे. रोगाच्या सुरुवातीस ती अनेकांत नकारार्थीही येते.

बायॉप्सी व वक्षदर्शन

शंका न मिटल्यास परिफुप्फुसाचा तुकडा काढून तपासतात. त्यासाठी एब्रॅम्स किंवा कोप यांच्या नावाच्या विशिष्ट सुया वापरतात. तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या विशिष्ट गुठळ्या, व त्यांच्या मध्यभागी चक्क्यासारखा मृत भाग दिसल्यास क्षयाचे निदान जवळजवळ निश्चित होते. तुकड्याचा काही भाग संवर्धनासाठी निराळा ठेवावा लागतो. सर्वच तुकडे फॉर्मेलिनमध्ये घातले, तर त्यांतील जंतू मरतात व संवर्धनाची संधी वाया जाते.

वक्षदर्शनात छातीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीतून आवरण प्रत्यक्ष पाहतात व संशयास्पद जागेचा तुकडा घेतात. स्वीडनचे वैद्य हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. निदानाच्या दृष्टीने ही सर्वांत खात्रीची पद्धत असली, तरी तिची सोय मोठ्या रुग्णालयांतच असते.

विभेदक निदान

छातीत पाणी होण्याची क्षयाखेरीज प्रमुख कारणे अशी :

* हृदयाची दुर्बलता : द्रव बहुधा दोन्ही बाजूंस, पायांवर सूज, पारस्राव.
* यकृत व मूत्रपिंडाचे विकार : जलोदर किंवा अंगावर सूज, पारस्राव.
* न्यूमोनिया : आजाराची अचानक सुरुवात, तीव्र ताप, न्यूट्रोफिल पेशींचे प्राबल्य.
* कर्करोग : वय अधिक, ताप कमी, द्रव रक्तमिश्रित व काढल्यावर वेगाने पुन्हा साठणारा.
* फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे : एकाएकी धाप व छातीत वेदना.
* स्वादुपिंडाचा दाह, संधिवाताभ संधिशोथ, ल्युपस इत्यादी.

‘औषध देऊन पाहू, गुण आला तर क्षय’ ही पद्धत भरवशाची नाही. क्षयजन्य द्रव उपचारांविनाही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरू शकतो. शिवाय रिफाम्पिसिन इतर जिवाणूंवरही परिणाम करते. उलट, योग्य उपचार चालू असतानाही काही रुग्णांत द्रव तात्पुरता वाढतो. म्हणून गुण येणे वा न येणे हा एकमेव पुरावा मानता येत नाही.

निदान न झाल्यास

द्रव आपोआप ओसरणे हीच या रोगातील मोठी फसगत आहे. अमेरिकी सैनिकांच्या १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, क्षयरोधक औषधे न मिळालेल्या रुग्णांपैकी ६५ टक्के जणांना पुढील काळात फुप्फुसाचा किंवा अन्य अवयवाचा क्षय झाला. पाणी गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे त्यावरून सिद्ध झाले. याशिवाय आवरण जाड होऊन फुप्फुसाची हालचाल कायमची मर्यादित होणे, तसेच पूयसंचय होणे हेही संभवते.

उपचार

औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे देतात. नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन देतात. औषधे रोज व वजनाप्रमाणे दिली जातात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते व त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे किंवा दृष्टी मंदावणे या तक्रारी तत्काळ डॉक्टरांना सांगाव्या लागतात. फुप्फुसाबाहेरील क्षयासाठी भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या विकारात स्टेरॉइडचा सरसकट वापर करू नये.

इतिहास

छातीवर ठोकून आतील द्रव ओळखण्याची पद्धत ऑस्ट्रियाचे लेओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. फ्रान्समधील लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला व राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. परंतु परिणामकारक औषधे विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत उपलब्ध नव्हती. महाराष्ट्रातील पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते.

औषधे येण्यापूर्वी मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी मिरजेजवळच्या वान्लेसवाडीसारखी आरोग्यधामे उभी राहिली. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राच्या अभ्यासाने, घरी राहून औषधे घेणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, हे दाखवून दिले. त्यामुळे उपचार खेड्यापर्यंत नेणे शक्य झाले.

महाराष्ट्रातील ग्रामीण परिस्थिती

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत निदान व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून उपचारकाळात आहारासाठी दरमहा ५०० रुपये बँक खात्यात जमा होत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

थुंकीची डबी गावातून प्रयोगशाळेत पाठवता येते, पण छातीतील द्रवाची तपासणी त्याप्रमाणे गावात होत नाही. पुणे जिल्ह्यात बारामती–इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे येथील रुग्णाचे उदाहरण घेतल्यास, क्ष-किरण, सोनोग्राफी व द्रव काढणे यांसाठी त्याला इंदापूर किंवा बारामती गाठावी लागते. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने विशेषज्ञांचा सल्ला पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. त्यापुढील तपासण्यांसाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे. प्रत्येक फेरीत रोजगार बुडतो, म्हणून पहिल्याच वेळी काढलेला द्रव प्रथिने, एल.डी.एच., पेशी, एडीए, जनुकीय चाचणी, संवर्धन व कर्कपेशी अशा सर्व तपासण्यांसाठी पाठवणे आणि त्याच दिवशी रक्त व थुंकीचे नमुने घेणे हितावह ठरते.

नीरा डाव्या कालव्याखालील हा पट्टा उसाचा आहे. गळीत हंगामात येथे मराठवाड्यासह अन्य भागांतून ऊसतोड कामगार येतात व हंगाम संपताच परततात. सहा महिन्यांचा उपचार आणि काही महिन्यांचा मुक्काम यांचा मेळ बसत नाही. रुग्णाची नोंद निक्षय संगणक प्रणालीत असल्यास मूळ गावच्या केंद्राकडे त्याचे हस्तांतरण करता येते. त्यासाठी स्थलांतराची कल्पना आधी देणे आवश्यक असते. औषधे मध्येच सुटल्यास रोग उलटण्याचा व औषधप्रतिकार निर्माण होण्याचा धोका असतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला किंवा ताप, तसेच श्वासाबरोबर छातीच्या एका बाजूस होणारी वेदना ही वैद्यकीय तपासणीची पुरेशी कारणे आहेत, मग ती वेदना पुढे थांबलेली असली तरीही.

हेही पहा

* क्षयरोग
* फुप्फुस
* न्यूमोनिया
* आनंदीबाई जोशी
* राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम